निनावी तक्रार आणि ऑनलाइन लिलाव

निनावी अर्ज म्हणजे काय, हे खेड्यातल्या माणसाला, आणि त्यातही शिक्षकाला, वेगळे सांगायला नको. पंचायत समितीत एक लिफाफा येऊन पडतो. आत गुरुजींविषयी दहा ओळी असतात, आणि खाली सही असते, 'एक जागरूक नागरिक'. मग गुरुजींची झोप उडते. अक्षर कुणाचे, शाई कुठली, पोस्टाचा शिक्का कोणत्या गावचा, याचा तपास पारावर सुरू होतो. मूळ आरोप खरा की खोटा, हे बघायला मात्र कुणालाच सवड नसते.

सरकारी कारभारात या रोगावर काही इलाज झालेला आहे. केंद्रीय दक्षता आयोगाने १९९९ साली केंद्र सरकारच्या खात्यांना कळवले, की निनावी किंवा टोपणनावाच्या तक्रारींवर कारवाई करू नये. पण आज आपली पोरे ज्या नव्या बाजारात उतरली आहेत, तिथे असा नियम नाही. तो बाजार म्हणजे इंटरनेटवरचा लिलाव. तिथे तक्रार करणाऱ्याचे नाव विक्रेत्याला सहसा कळत नाही, आणि तक्रारीमुळे तुमचा माल मात्र घटकाभरात मांडणीवरून खाली उतरतो. असे झाले तर काय करावे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

हा लिलाव आपल्या भुसाराच्या लिलावासारखाच. फरक इतकाच की बोली ओरडून होत नाही, मोबाइलवर आकडा टाकून होते, आणि ती काही दिवस चालते. अमेरिकेत १९९५ साली पिएर ओमिड्यार यांनी असा बाजार सुरू केला. पुढे तो ईबे या नावाने जगभर गेला. गिऱ्हाईक आणि विक्रेता एकमेकांना कधी पाहत नाहीत, मग विश्वास कसा ठेवायचा? म्हणून १९९६ च्या फेब्रुवारीत ओमिड्यार यांनी तिथे अभिप्रायाची सोय केली. चांगले असेल ते म्हणा, वाईट असेल तेही म्हणा, पण सगळ्यांना दिसेल असे उघड्यावर म्हणा, अशी त्यामागची कल्पना होती. पुढे बाजार वाढला. चोरीचा माल, नकली माल, विकू नये असा माल येऊ लागला. तेव्हा दुसरी वाट ठेवावी लागली. प्रत्येक नोंदीजवळ 'तक्रार करा' अशी खूण असते. ती कुणीही दाबावी, आणि त्याचे नाव विक्रेत्याला कळू नये. चोराचे नाव सांगणाऱ्याला चोराची भीती नको, हा त्यातला चांगला हेतू. पण त्याच आडोशाला मत्सरी शेजारीही उभा राहू शकतो.

तुम्ही विचाराल, बाजारवाला आधी चौकशी का करीत नाही? त्यालाही आपली कातडी वाचवायची असते. आपल्याकडे बाझी डॉट कॉम नावाचा असाच एक बाजार होता. ईबेने तो २००४ साली विकत घेतला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तिथे कुणी तरी एक अश्लील चित्रफीत विकायला ठेवली, आणि डिसेंबरात बाजाराच्या मुख्य अधिकाऱ्याला अटक झाली. पुढे माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ साली दुरुस्ती होऊन मध्यस्थाला काही अटींवर संरक्षण मिळाले. पण असा प्रसंग व्यापारी विसरत नाही. आधी माल उतरवायचा, मग विचारायचे, ही रीत त्यातूनच पक्की होते.

आता एक अनुभव सांगतो. माझा एक जुना विद्यार्थी घरची जुनी पितळी भांडी अशा एका बाजारात विकतो. त्याने एक समई लिलावात मांडली. बोली साडेचार हजारांवर गेली आणि तिसऱ्या दिवशी नोंद नाहीशी झाली. कुणी तरी तक्रार केली होती. गडी संतापला. त्याने तीच समई पुन्हा मांडली. ती पुन्हा उतरवली गेली आणि वर खातेही महिनाभर बंद पडले. माझ्याकडे आला तेव्हा एकच धोशा, "सर, हे काम आमच्या पलीकडच्या आळीतल्या दुकानदाराचंच आहे."

मी म्हटले, "असेल बाबा. पण आधी तू काय लिहिलं होतंस ते दाखव."

त्याने लिहिले होते, 'दीडशे वर्षांपूर्वीची अस्सल पेशवेकालीन समई'. आता पेशवाई संपली १८१८ साली. म्हणजे दोनशे वर्षे उलटून गेली. हिशेबच जुळत नव्हता! पण त्याहून मोठी अडचण वेगळी होती. पुरावशेष आणि कलासंपत्ती यांविषयीचा आपल्याकडे १९७२ चा कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनी अशी कलेची किंवा कारागिरीची वस्तू त्याखाली पुरावशेष ठरू शकते. असल्या वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही, आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे गड्याने चार पैसे जास्त मिळावेत म्हणून स्वतःच स्वतःवर आरोप लिहून ठेवला होता. तक्रार करणाऱ्याने फक्त बोट दाखवले.

मी समई उलटी करायला सांगितली. बैठकीच्या आतल्या बाजूला त्याच्या आजीचे नाव आणि लग्नाची तारीख कोरलेली होती, सन १९५८. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालण्याची चाल आहे, ती इथे साक्षीदार होऊन उभी राहिली! त्याने त्या अक्षरांचे छायाचित्र जोडले, 'आजीच्या लग्नातली समई, १९५८' असे साधे वर्णन लिहिले आणि चूक कबूल करणारे चार ओळींचे पत्र बाजाराकडे पाठवले. खाते सुरू झाले. समई आधीच्या बोलीपेक्षा थोडी कमी किंमतीला गेली, पण गेली. तक्रार कुणी केली ते आजतागायत कळलेले नाही. द्वेषाने केली असेलही. पण मुद्दा खरा होता.

तेव्हा मंडळी, पहिली गोष्ट ही, की तक्रार कुणाची ते शोधत बसू नका, तक्रारीतला मुद्दा शोधा. नोंद उतरवल्याचा जो निरोप येतो त्यात बहुधा कोणता नियम मोडला ते सांगितलेले असते. तो नियम वाचा. कळला नाही तर गावातल्या शिक्षकांकडून वाचून घ्या. दुसरी गोष्ट, उतरवलेली नोंद जशीच्या तशी पुन्हा मांडू नका. तो हट्ट समजला जातो. तिसरी, पुरावा आधीपासून जपा. खरेदीची पावती, वस्तूची चारी बाजूंनी आणि तळाची छायाचित्रे, गिऱ्हाइकाशी झालेला पत्रव्यवहार. छायाचित्रे स्वतःची काढा. दुसऱ्याच्या नोंदीतले चित्र उचलणे ही तक्रारीला दिलेली आयती संधी. चौथी, उत्तर थोडक्यात आणि सभ्यपणे लिहा. त्यात कुणावर संशय घेऊ नका. संशयाला पुरावा नसेल तर तुमच्या खऱ्या मुद्द्याचेही वजन कमी होते.

आता मुद्दाच खोटा असेल तर? समजा, तुम्ही पावती देऊन घेतलेले एचएमटीचे घड्याळ काही वर्षे वापरून विकायला काढले, आणि कुणी म्हणाले, हे नाव वापरण्याचा तुम्हाला हक्क नाही. आपल्या १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याचे कलम ३० सांगते, की रीतसर विकत घेतलेली वस्तू पुन्हा विकणे हा सर्वसाधारणपणे चिन्हाचा भंग नव्हे. मालाची मूळ स्थिती मात्र बदललेली नसावी. अशा वेळी पावती जोडा आणि ठामपणे फेरविचार मागा.

आणखी एक भेद लक्षात ठेवा. 'हे चित्र माझे आहे' अशी लेखाधिकाराची रीतसर नोटीस निनावी चालत नाही. तिथे हक्क सांगणाऱ्याला नावानिशी पुढे यावे लागते. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे तुम्हाला उलट निवेदन देता येते. ते दिल्यावर समोरचा कोर्टात गेला नाही, तर कामकाजाच्या दहा ते चौदा दिवसांत मजकूर परत लावायचा असतो. आपल्याकडे २०१३ च्या नियमांप्रमाणे एकवीस दिवसांत कोर्टाचा हुकूम आला नाही, तर मध्यस्थाला तो पुन्हा खुला करता येतो. पण अमेरिकेतले ते निवेदन खोटे बोलल्यास शिक्षा होईल या जाणिवेने द्यायचे असते. खरे असेल तरच द्या.

शेवटचे एक सांगतो. सूड म्हणून दुसऱ्याच्या मालावर आपणही गुपचूप तक्रार ठोकावी, असा मोह होतो. तो टाळा. आपल्या हातून निनावी तक्रार जावी असा प्रसंग आलाच, तर स्वतःला एवढेच विचारा, की हीच गोष्ट मी सही करून लिहिली असती का? उत्तर 'हो' असेल तर खुशाल लिहा. 'नाही' असेल तर मोबाइल खिशात ठेवा, आणि आपली समई आधी उलटी करून बघा.