डोळा, डोरा आणि डोला

गोरेगाव म्हटलं की पुण्या-मुंबईच्या माणसाला फिल्मसिटी आठवते. माझं गोरेगाव गोंदियाहून कोहमाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं, धानाच्या बांध्यांमधलं, तालुक्याचं गाव. इथल्या बसस्टँडवर थोडा वेळ कान देऊन उभं राहा. मराठी, हिंदी, पोवारी, झाडीबोली, मधूनच गोंडी, छत्तीसगढी असं सगळं ऐकू येईल. एकच बाई कंडक्टरशी हिंदीत भांडते, सासूशी पोवारीत बोलते आणि दवाखान्यात डॉक्टरला मराठीत दुखणं सांगते. अशा गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तरकी केली की 'हे पोरगं नीट बोलत नाही' हे वाक्य दर जून महिन्यात ऐकावं लागतं. नीट म्हणजे काय, या प्रश्नानं मला जे पछाडलं ते निवृत्तीनंतरही सोडत नाही. थेरपिस्टांच्या खोल्यांत कोपऱ्यात बसून मी बघत आलो, मिळेल ते वाचत आलो. मी डॉक्टर नाही. पण ऐकणारा आहे, आणि या विषयात ऐकणाऱ्याला बरंच काम असतं.

आधी ढोबळ मांडणी उरकून घेतो. बोलण्यातल्या अडचणी चार प्रकारच्या. उच्चाराची, म्हणजे 'काका'चं 'ताता' होणं. भाषेची, म्हणजे शब्द न सुचणं, वाक्य न जुळणं किंवा समोरच्याचं न कळणं. ओघाची, म्हणजे तोतरेपणा. आणि आवाजाची, जी आम्हा मास्तरांना, भाजीवाल्यांना आणि कीर्तनकारांना ठाऊक आहे. मुळाशी कधी बहिरेपण असतं, कधी फाटलेली टाळू, कधी सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता किंवा मेंदूतला झटका. पुष्कळदा कारण सापडतच नाही. इतिहासही एका दमात सांगतो. पॅरिसच्या पॉल ब्रोकानं १८६१ मध्ये वाचा आणि मेंदूचा डावा पुढचा भाग यांचा संबंध दाखवला, कार्ल वेर्निकेनं १८७४ मध्ये समजण्याची जागा दाखवली. आपल्याकडे म्हैसूरची वाक्-श्रवण संस्था १९६५ ची, मुंबईत नायर रुग्णालयात १९६६ पासून या विषयाचं शिक्षण सुरू, वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ ची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं २१ प्रकारांच्या यादीत वाचा आणि भाषेच्या दिव्यांगत्वाला जागा दिली. झालं.

आता माझा लाडका विषय. झाडीबोलीचे अभ्यासक, साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा शब्दकोश केला आणि तिचे नियमही दाखवून दिले. या बोलीत ण, ळ, छ, श आणि ष ही व्यंजनं नाहीत. पाणी इथे पानी होतं, डोळा डोरा होतो, छाती साती होते आणि शाळेची सारा होते. यात हेंगाडेपणा काही नाही. ळ च्या जागी र येणार म्हणजे येणारच. आजीच्या तोंडी, बापाच्या तोंडी आणि पोराच्या तोंडीही. जे घरातल्या सगळ्यांच्या तोंडी एकाच नियमानं येतं ती बोली. जे घरातल्या एकाच्याच तोंडी येतं आणि घरच्यांनाही खटकतं, तिथे दोष असण्याची शक्यता. वाचा-उपचाराच्या पुस्तकांत हे तत्त्व असतंच. पण पुस्तक लिहिणाऱ्याच्या कानावर डोरा पडलेला नसतो.

इथे एक गंमत आहे, आणि ती गंमत म्हणून सोडून देण्यासारखी नाही. र हा ध्वनी जगभरच्या पोरांना उशिरा जमतो. प, ब, म आधी येतात, कारण ओठ दिसतात. र साठी जिभेचं टोक हलकं ठेवून थरथरवावं लागतं, ते पाच-सहा वर्षांपर्यंत लांबू शकतं. तोवर पोरं र च्या जागी ल म्हणतात. आता झाडीबोली घरातल्या चार वर्षांच्या पोराला डोळ्याचं चित्र दाखवा. त्याला म्हणायचं असतं डोरा. र येत नाही, म्हणून ते म्हणतं डोला. समोरची थेरपिस्ट नागपूरची किंवा पुण्याची. तिच्या कागदावर अपेक्षित शब्द डोळा. ती लिहिते: ळ च्या जागी ल. आणि पोराकडून ळ घोटून घ्यायला लागते, जो ध्वनी त्याच्या घरात कुणीच काढत नाही! खरी कच्ची बाजू र ची, आणि तीही वयाला शोभणारी. घरी जाऊन पोरगं डोळा म्हणालं तर आजी हसते, दवाखान्यात डोरा म्हणालं तर ताई थांबवते. असं होऊ नये म्हणून एकच प्रश्न पुरतो: आई, तुमच्याकडे याला काय म्हणतात? हा प्रश्न न विचारता भरलेला तपासणीचा कागद मी तरी अर्धा कोराच समजतो.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर बोलीच्या प्रेमापोटी मी खरे दोष झाकतो असं व्हायचं. काकाचं ताता आणि गायचं दाय ही झाडीबोली नव्हे. कोणतीच बोली नव्हे. तीन वर्षांपर्यंत ठीक, चार ओलांडल्यावरही टिकलं तर दाखवावं. यावरचा उपचार मी जवळून पाहिलाय. थेरपिस्टनं आधी पोराला पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या, घशातून गुर्रर्र आवाज काढत. मग पाणी थुंकून तोच आवाज कोरड्या घशानं. मग त्याला सतरंजीवर उताणं झोपवलं, मान किंचित मागे. उताणं झोपलं की जीभ आपल्या वजनानं मागे घसरते, आणि क ला जीभ मागेच लागते. चमच्याच्या दांड्यानं जिभेचं टोक हलकेच खाली धरलं आणि म्हणाली, 'आता खोकल्यासारखं कर, अक्.' पोरगं म्हणालं अक्. मग अका, मग काका. स्वतःचा आवाज ऐकून ते उठून बसलं, आणि उठताक्षणी पुन्हा ताता! सगळे हसले, तेही. त्यानंतर बसून, मग चालता-बोलता, मग घरी भांडताना. प्रत्येक पायरीला दिवस लागतात.

दोन भाषांनी पोरगं गोंधळतं, हा दुसरा गैरसमज. 'घरी पोवारी बंद करा, फक्त मराठी बोला' किंवा आता 'फक्त इंग्लिश बोला' असा सल्ला शिकलेसवरलेले लोकही देतात. दोन-तीन भाषा ऐकल्यानं वाचादोष होत नाही, हे संशोधनानं पुरेसं स्पष्ट केलंय. भाषेचा खरा दोष असेल तर तो पोराच्या प्रत्येक भाषेत दिसतो. पोवारीत धडाधड भांडणाऱ्या आणि मराठीच्या वर्गात गप्प बसणाऱ्या पोरात दोष नाही, ते नवी भाषा कानात मुरवतंय. काही महिने त्याला गप्प बसू द्यावं. घरची भाषा बंद केली की आजी-आजोबा मुके होतात, कारण त्यांना दुसरी भाषा तितकी येत नसते. ज्या पोराला बोलण्याची सर्वांत जास्त गरज, त्याचीच बोलणारी माणसं कमी करायची, हा कुठला उपचार?

मग काळजी कधी करायची? वर्षाचं झालं तरी बाळ बाबाबा-दादादा करत नाही, हाक मारली तर वळत नाही, बोट दाखवून काही मागत नाही. दीड वर्षापर्यंत एकही शब्द नाही. दोन वर्षांनंतर 'मम दे' असे दोन शब्द जोडत नाही. किंवा येत असलेलं बोलणं अचानक गेलं. यातलं काही दिसलं तर 'बाप पण उशिराच बोलला होता' म्हणून थांबू नये. वेखंड उगाळून झालं, पोपटानं टोचलेला पेरू खाऊ घालून झाला, जिभेची तार कापून आणली, अशी पोरं पाचव्या वर्षी कानाच्या तपासणीला येतात आणि तेव्हा कळतं की ऐकूच येत नव्हतं. पहिली तपासणी कानाची, यावर कुठल्याही थेरपिस्टचं दुमत नाही. ओएई चाचणीला बाळाच्या कानात छोटी बोंडी घालून काही मिनिटं लागतात. शंका आली तर बेरा ही कानाचीच पुढची चाचणी. बाळ महिन्याचं होईपर्यंत चाळणी, तीन महिन्यांपर्यंत निदान, सहा महिन्यांपर्यंत यंत्र आणि उपचार सुरू, असा जगन्मान्य दंडक आहे. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येते. ती नुसतं वजन-उंची बघायला येत नाही. जन्मजात बहिरेपण, फाटलेला ओठ-टाळू आणि भाषेचा उशीर हेही तिच्या यादीत आहेत. पोरगं त्या दिवशी मामाच्या गावी पाठवू नका, एवढंच.

तोतरेपणावर स्वतंत्र लेख होईल. २२ ऑक्टोबर हा त्याचा जागतिक जागृती दिन, बहुधा दिवाळीच्या आसपास येतो आणि फटाक्यांत हरवतो. शंभरातल्या सुमारे पाच मुलांना कधी ना कधी अडखळणं लागतं, त्यातल्या बहुतेकांचं आपोआप जातं, मोठेपणी साधारण एकाचं उरतं. तोंडात गोट्या धरून ते जात नाही. 'हळू बोल, श्वास घे' हा सल्लाही पोराला फक्त इतकंच शिकवतो की आपलं बोलणं लोकांना खुपतं. त्याचं वाक्य त्यालाच पुरं करू द्या.

मी आता जिथे जाण्यासाठी घाई करत होतो तिथे येतो: वाचाघात. अर्धांगवायूच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या रुग्णांची भाषा बिघडते. आमच्या ओळखीतल्या भजनी मंडळातल्या एका वृद्धांना उजव्या अंगाचा झटका आला आणि वाचा गेली. काहीही विचारा, 'हो हो' एवढंच. नातवाचं नाव निघेना. महिन्याभरानं मंडळी भेटायला आली, कुणीतरी खंजिरी वाजवली, भजन सुरू झालं, आणि बाबाजींनी अख्खं कडवं शब्दांसकट म्हटलं. घरात आधी आनंद झाला, मग शंका: म्हणजे इतके दिवस सोंग करत होते का? सोंग नव्हतं. पाठ असलेलं, तालासुरात रुजलेलं बोलणं आणि मनात येईल ते वाक्य रचणं ही मेंदूची वेगवेगळी कामं आहेत. मोजणी, प्रार्थना, शिव्या आणि गाणी पुष्कळदा शाबूत राहतात. स्वीडनच्या ओलोफ डालिननं अठराव्या शतकातच असा रुग्ण नोंदवला होता, जो बोलू शकत नव्हता पण चर्चमधली गीतं गात होता.

यावरून १९७३ मध्ये अमेरिकेत बोस्टनला एक पद्धत बांधली गेली. रुग्णाच्या डाव्या हातावर थेरपिस्ट ठेका धरते. रोजच्या गरजेचं छोटं वाक्य दोन सुरांत गुणगुणते. आमच्याकडे 'पानी दे', पाणी नव्हे. आधी दोघं नुसतं गुणगुणतात, मग शब्दांसह, मग ती मध्येच थांबते आणि रुग्ण पुढे नेतो. शेवटी सूर काढून घेतात आणि साधं बोलणं उरतं. सगळ्यांना गुण येत नाही. ठरलेली वाक्यं येतात, नवी वाक्यं रचण्यापर्यंत थोडेच पोचतात. तरी भजन, दंडार आणि खडी गंमत या लोककलांत वाढलेल्या आमच्या झाडीपट्टीत ही पद्धत रुजायला काय हरकत आहे, हे मला अजून कळलेलं नाही.

आणि दोन-तीन भाषा बोलणाऱ्याची झटक्यानंतर परतते ती कोणती भाषा? फ्रान्समध्ये यावर दोन मतं होती. मानसशास्त्रज्ञ रिबो म्हणाला, सर्वांत आधी शिकलेली टिकते. डॉक्टर पित्र १८९५ मध्ये म्हणाला, सर्वांत जास्त वापरलेली आधी परत येते. बऱ्याच रुग्णांच्या सगळ्या भाषा बरोबरीनं सुधारतात, काहींच्या नाही. आयुष्यभर कचेरीत मराठी वापरलेला, घरी पोवारी बोललेला माणूस झटक्यानंतर फक्त पोवारीत उत्तर देऊ लागला, तर त्याची परीक्षा मराठीत घेऊन शून्य गुण देणं हा अन्यायच.

इथे आमच्या भागाची दोन दुखणी नोंदवली पाहिजेत. एक सिकलसेल. पूर्व विदर्भात हा आजार मोठा आहे आणि त्यातल्या मुलांनाही मेंदूचा झटका येऊ शकतो. शाळेतलं हुशार पोर एकाएकी शब्द शोधू लागलं तर मास्तरांनी त्याला छडी न दाखवता आधी दवाखाना दाखवावा. दुसरं खर्रा. पन्नीत घोटलेली ती सुपारी-तंबाखू आधी तोंड उघडणं बंद करते, मग जिभेवर किंवा गालावर कर्करोग, मग शस्त्रक्रिया. कर्करोग स्वरयंत्राचा असेल तर तेही काढावं लागतं. अशा माणसाला अन्ननलिकेतून बोलायला शिकवता येतं, कृत्रिम झडपही बसवता येते, बंगळुरूच्या डॉ. विशाल राव यांनी अशी झडप पन्नासेक रुपयांत बनवून दाखवली. पण खर्राच न खाणं याहूनही स्वस्त पडतं.

माझं एक मागणं आहे. तपासणीच्या चित्रसंचात सफरचंद, जहाज, ध्रुवीय अस्वल असतं. आमच्या पोराला टेंभरं, मोहफूल, बांधी आणि धानाचा भारा दाखवा. एकेका चित्राखाली मराठी, झाडीबोली आणि पोवारी असे तीन शब्द छापा, म्हणजे डोळा, डोरा आणि डोला यांतला फरक पहिल्याच दिवशी कळेल. झाडीबोलीचे लेखक आणि जिल्ह्यातले थेरपिस्ट एका टेबलाशी बसले तर हे काम उन्हाळ्याच्या एका सुटीत होण्यासारखं आहे. शब्दकोश तयार आहे, रिकामटेकडे निवृत्त मास्तर तर हवे तेवढे आहेत. चित्रकार तेवढा शोधायचा.