पेढीवरून परेडच्या मैदानाकडे

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे बोधवाक्य आहे : 'सेवा परमो धर्मः'. 'अहिंसा परमो धर्मः' हे वचन बालपणापासून ऐकत आलेल्या आपल्या कानांना ते ओळखीचे वाटते आणि किंचित बोचतेही. बारावीतला मुलगा सैन्यात जाण्याची इच्छा बोलून दाखवतो, तेव्हा आपल्या घरात हीच दोन वचने समोरासमोर येतात. वडिलांना पेढीची चिंता लागते. आजी विचारते, "मुंगीला जपणाऱ्या घरातले पोर हाती बंदूक धरणार?"

आजीचा प्रश्न टाळण्याजोगा नाही. आपल्या परंपरेत हिंसेचे चार भेद सांगितले आहेत : संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. मारण्याच्या हेतूने केलेली संकल्पी हिंसा श्रावकाने त्यागायची असते. घरकामात व उद्योगात घडणारी, तसेच आक्रमणाचा प्रतिकार करताना घडणारी हिंसा गृहस्थाला सर्वस्वी टळत नाही. ती कमीत कमी ठेवणे हे त्याचे कर्तव्य होय. ज्या मर्यादेत आपण व्यापार करतो, त्याच मर्यादेत सैनिकही उभा असतो. मात्र हिंसा ती हिंसाच. तिचे दुःख मनातून जाता कामा नये.

श्रवणबेळगोळ येथील बाहुबलींची मूर्ती इ. स. 981 च्या सुमारास घडवून घेणारा चामुंडराय हा गंग राजांचा मंत्री आणि सेनापती होता. 'वीरमार्तंड' आणि 'सम्यक्त्वरत्नाकर' ही दोन्ही बिरुदे त्याच्या नावापुढे लागली. मूर्तीच्या पायथ्याशी कोरलेल्या मराठी लेखात त्याचेच नाव आहे. ज्या बाहुबलींनी सैन्याचा संहार टाळून द्वंद्व स्वीकारले आणि जिंकूनही राज्य सोडले, त्यांच्या चरणी एका सेनापतीने मस्तक टेकवले, हे विसरू नये.

आता वाटचालीविषयी. प्रबोधिनीची प्रवेशपरीक्षा संघ लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो. अविवाहित उमेदवाराचे वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षे असावे लागते. 2022 पासून मुलींनाही प्रवेश मिळू लागला. स्थलसेनेसाठी वाणिज्य शाखेचा विद्यार्थीही पात्र ठरतो. मात्र गणिताचा पेपर सर्वांनाच असतो. लेखी परीक्षेनंतर निवड मंडळापुढे पाच दिवस कसोटी लागते आणि मग वैद्यकीय तपासणी होते.

प्रशिक्षण तीन वर्षांचे. त्यानंतर स्थलसेनेच्या छात्राला आणखी एक वर्ष डेहराडूनला काढावे लागते. पहाटेची कवायत, धावणे, पोहणे, घोडेस्वारी, शस्त्रशिक्षण आणि त्याबरोबर पदवीचा अभ्यास. पहिल्या सत्रात कवायतीची परीक्षा उत्तीर्ण होईपर्यंत शहरात जाण्याची मोकळीक मिळत नाही. नोकरचाकरांच्या घरात वाढलेला मुलगा येथे स्वतःचे बूट स्वतः चकचकीत करतो. शाकाहारी जेवण मिळते. परंतु चौविहार आणि कंदमूळत्याग तेथील वेळापत्रकात निभावणे कठीण. हे आधीच स्पष्ट बोललेले बरे.

प्रशिक्षणाचा, निवासाचा व भोजनाचा खर्च सरकार करते. मात्र प्रवेशावेळी पालकांना लिहून द्यावे लागते की, प्रशिक्षणात मुलास इजा झाली तरी आपण भरपाई मागणार नाही. मुलाने स्वेच्छेने अर्ध्यावर सोडल्यास झालेला खर्च परत करावा लागतो. आयुष्यभर हुंड्या आणि धनादेशांवर सह्या केलेल्या हाताला ही सही जड जाते. तेथे नफा-तोट्याचा हिशेब चालत नाही.

म्हणून ती सही करण्याआधी घराने एकत्र बसावे. मुलाला गणवेशाचे आकर्षण आहे की रक्षणाची तळमळ, हे शांतपणे विचारावे. गुरुमहाराजांचे मार्गदर्शन घ्यावे. उत्तर 'नाही' आले, तर पेढी आहेच. 'होय' आले, तर आजीने आपल्या हाताने त्याच्या सामानात जपमाळ ठेवावी. दररोज प्रतिक्रमण करणे त्याला जमेलच असे नाही. पण शस्त्र हाती असताना क्षमाभाव जागा ठेवण्याची गरज त्याला आपल्यापेक्षा अधिक आहे.