कलिंगडाखालची चार बोटं माती

कलिंगड विकत घेताना आपण ते वाजवून बघतो. तोडणीला उतरलेला माणूस वाजवण्याआधी फळ फिरवून बघतो. सालीवर टाचणीने टोचल्यासारखा ठिपका, त्यातून झिरपून वाळलेला डिंकासारखा थेंब आणि त्या अंगाने फळ दबलेलं, वाकडं वाढलेलं दिसलं, की ते वाजवायची गरजच उरत नाही. ते फळ बांधावर फेकलं जातं.

हा डंख फळमाशीचा. घरात पिकल्या केळ्यांभोवती घोंघावणारी चिलटं वेगळी; ती सडायला लागलेल्या फळावर येतात. ही मात्र कोवळं, धडधाकट फळ निवडून टोचते. आकाराने घरमाशीएवढी, अंगाने तांबूस-पिवळी, पंखांवर तपकिरी पट्टे. कारली, दोडका, काकडी, भोपळा, खरबूज, कलिंगड हे सगळे वेल तिचेच. शास्त्रीय नाव झ्यूगोडॅकस कुकुर्बिटी. मूळची ती भारत आणि आसपासच्या उष्ण आशियातली मानली जाते, पण तिचं बारसं झालं ते पार हवाई बेटांवर. तिथे सापडलेल्या नमुन्यांवरून १८९९ मध्ये कॉकिलेट या कीटकशास्त्रज्ञाने तिचं वर्णन केलं. हवाईत तिने भाजीपाल्याचा इतका फडशा पाडला, की डेव्हिड फुलावे हा कीटकशास्त्रज्ञ तिचा नैसर्गिक शत्रू शोधत भारतात आला आणि तिच्या अळ्यांवर जगणारी एक बारीक गांधीलमाशी १९१६ मध्ये तिकडे घेऊन गेला. माहेरी माशीला वेसण घालणारं कोणीतरी असणार, हा त्याचा हिशोब बरोबर होता. आपण मात्र घरच्या या बंदोबस्ताकडे फारसं लक्ष दिलं नाही. आपण फवारत राहिलो.

फवारणी फसते कुठे, हे माशीचा संसार पाहिला की कळतं. मादी सालीखाली अंडी घालते. एक-दोन दिवसांत अळ्या निघतात आणि गर खात आत आत जातात. वर जाड साल. औषध तिथे पोचत नाही. पुढे अळी मातीत शिरून कोष करते. तिथेही औषध पोचत नाही. उघड्यावर असते ती फक्त मोठी माशी, आणि तीही बराचसा वेळ कलिंगडाच्या वेलावर नसतेच. शेजारच्या मक्यावर, एरंडावर, कुंपणाच्या झुडपात ती विसावा घेते आणि अंडी घालण्यापुरती शेतात येते. म्हणजे पंप पाठीला लावून आपण झोडपतो ते बहुतेक रिकामं घर. शिवाय त्या फवाऱ्यात मरतात मधमाश्या. कलिंगडाला नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. मधमाशी आली नाही तर फळ धरतच नाही, धरलंच तर एका अंगाने खुरटतं.

या संसारात एकच वेळ अशी असते, की अळी फळ सोडते आणि कोष अजून व्हायचा असतो. पोसलेली अळी सालीला भोक पाडून बाहेर येते, अंगाची कमान करते आणि टुणकन उडी मारते. उघड्या हातावर घेतली तर दचकायला होतं. उडी मारत मारत ती भुसभुशीत जागा गाठते आणि मातीत शिरते, साधारण चार बोटं, कधी त्याहून थोडी खोल. तिथे तिचा गव्हाच्या दाण्याएवढा तांबूस कोष होतो. हवामानाप्रमाणे आठ-दहा दिवसांनी कोषाची टोपी फोडून नवी माशी वर येते. या वाटेवर ती मऊ असते, ओली असते आणि मातीचा कण न् कण तिच्या अंगाला घासत असतो.

बुरशी तिला गाठते ती इथे.

किडीला बुरशीचा रोग होतो, हे माणसाला रेशमामुळे कळलं. इटलीत रेशमाचे किडे पांढरी पूड अंगावर येऊन मरत होते. आगोस्तिनो बास्सी याने वर्षानुवर्षं खपून १८३५ मध्ये दाखवून दिलं, की हा रोग एका सजीव बुरशीमुळे होतो आणि एका किड्याकडून दुसऱ्याकडे जातो. जंतूंमुळे रोग होतो हे पाश्चरने गाजवलं, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. त्या बुरशीच्या बिव्हेरिया बॅसियाना या नावात बास्सीच दडलेला आहे. पुढे १८७९ मध्ये ओडेसात इल्या मेचनिकोव्हने गव्हावरच्या भुंगेऱ्यांना मारणारी हिरवी बुरशी वर्णन केली, तीच आजची मेटारायझियम. रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी १९०८ चं नोबेल मिळवणारा मेचनिकोव्ह तो हाच. बुरशी वाढवून शेतात टाकावी आणि कीड मारावी, ही कल्पनाही त्याचीच.

मेटारायझियमचं काम सावकाश चालतं. तिचा बीजाणू किडीच्या कातडीला चिकटतो. ओल मिळाली की त्याला कोंब फुटतो. कोंबाचं टोक फुगून कातडीवर पक्कं बसतं आणि मग जोर आणि पाचक रस दोन्ही वापरून आत घुसतं. खाण्यातून पोटात जायची भानगडच नाही. आत गेल्यावर ती किडीच्या रक्तात वाढते, विष सोडते, आणि काही दिवसांत कीड मरते. हवा दमट असली तर मेलेल्या अंगातून आधी पांढरी, मग हिरवट भुकटी बाहेर येते. मातीत आणखी बीजाणू मिसळतात.

पण कोष एकदा घट्ट झाला, की बुरशीला आत जाणं अवघड. म्हणून माती आधीपासूनच तयार हवी, अळीने उडी मारायच्या आधी. फळं पोखरलेली दिसल्यावर बुरशीचं पाकीट आणायला धावणाऱ्याला हे सांगून पटवणं कठीण जातं.

फळमाशीवर या बुरशीचं सर्वांत चिकाटीचं काम नैरोबीच्या इसिपे या संस्थेत झालं. टॉमस ओधिआंबो यांनी १९७० मध्ये उभारलेली ही कीटकविज्ञानाची संस्था. तिथे संडे एकेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंब्यावरच्या फळमाश्यांसाठी मातीत मेटारायझियम मिसळून पाहिली आणि कोषांतून बाहेर येणाऱ्या माश्यांची संख्या घटलेली दाखवली. तिथला '६९' क्रमांकाचा वाण आज पूर्व आफ्रिकेत बाजारात मिळतो, आणि आशियातून तिकडे गेलेल्या आपल्या या वेलमाशीवरही तो तपासला गेला आहे. त्यांची दुसरी युक्ती मला जास्त आवडते. क्यू ल्यूरच्या वासाला नर येतात, हे आपल्याकडच्या सापळे लावणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आपण त्या नराला डब्यात मारतो. त्यांनी डब्यात कोरडे बीजाणू ठेवले आणि नराला जाऊ दिलं. तो अंगाला भुकटी माखून उडतो, मादीशी जुगतो आणि रोग पोचवून येतो.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला मेटारायझियम नवी नाही. उसातल्या हुमणीसाठी शेणखतात मिसळून ती शेतात टाकली जाते. कलिंगडाच्या आळ्यातही ती तशीच जाऊ शकते: कुजलेलं शेणखत, ओल आणि संध्याकाळची वेळ. उन्हातली अतिनील किरणं बीजाणूंना मारतात, म्हणून उघड्या मातीवर भर दुपारी शिंपडलेली बुरशी म्हणजे पाण्यात गेलेले पैसे. तापमानाचीही अडचण आहेच. बुरशीला पंचवीस ते तीस अंश मानवतात. विदर्भातल्या एप्रिलच्या उघड्या रानात ती काय करणार, हा प्रश्न रास्त आहे. पाल्याखाली, ठिबकच्या ओलीत, चार बोटं खाली मात्र हवामान वेगळं असतं. करप्यासाठी किंवा भुरीसाठी बुरशीनाशक त्याच आळ्यात सोडलं, तर ते चांगली-वाईट बुरशी असा भेद करत नाही. आणि दुकानातल्या पत्र्याखाली तापलेल्या जुन्या पाकिटात बीजाणू जिवंत असतील, यावर मी तरी पैज लावणार नाही.

एकटी बुरशी पीक राखते असं कोणी म्हणू नये. शेजारच्या दोडक्याच्या मांडवातून उडत येणाऱ्या मादीला तुमच्या मातीशी काही देणंघेणं नसतं. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर २००९ नंतर शेतकऱ्यांनी एकत्र येऊन जे केलं, त्यात शेताकडेला मक्याचा पट्टा लावून तिथेच आमिष ठेवणं होतं आणि डंखलेली फळं गोळा करून बारीक जाळीच्या तंबूत टाकणं होतं. जाळी अशी, की माशी आत अडकते आणि तिच्यावर जगणारी छोटी गांधीलमाशी बाहेर पडते.

आपल्याकडे ती फळं बांधावर जातात. आळ्यात शेणखत असतं, बुरशी असते, ठिबकची ओल असते. आणि बांधावर फुटून पडलेल्या कलिंगडातून अळ्या एकेक करून कोरड्या, कोणी हात न लावलेल्या मातीत उड्या मारत असतात.