कटऑफ वाचायचा कसा?

सोनपेठहून परभणी किंवा नांदेडचं कॉलेज एका दिवसात पाहून येता येतं. इमारत, प्रयोगशाळा, वसतिगृह डोळ्यांना दिसतं. प्रवेशाचे आकडे मात्र इतके सरळ नसतात. अभियांत्रिकीच्या यादीतला 90 म्हणजे 90 टक्के गुण नव्हेत, ते पर्सेंटाइल आहे: परीक्षेला बसलेल्यांपैकी 90 टक्के मुलांचे गुण तितके किंवा त्याहून कमी आहेत, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय कटऑफ हा त्या फेरीत शेवटी प्रवेश मिळालेल्याचा आकडा, वर्गाची सरासरी नव्हे. प्रवर्गाच्या संकेताअखेर ‘एच’ असेल तर जागा गृह विद्यापीठाच्या, म्हणजे कॉलेज ज्या विद्यापीठाच्या कक्षेत आहे तिथे बारावी झालेल्यांच्या; ‘ओ’ असेल तर बाहेरच्यांच्या. परभणी जिल्हा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतो. त्यामुळे सोनपेठला बारावी झालेल्याने पुण्याच्या यादीतला ‘एच’चा आकडा पाहून खचू नये.

याद्या सर्वांसाठी खुल्या आहेत, मग संदिग्धता कसली, असं कुणी म्हणेल. पण आकडा खुला असणं वेगळं आणि त्याचा अर्थ कळणं वेगळं. शहरात तो अर्थ क्लासवाले समजावतात. तालुक्याच्या गावी ते काम शाळा-महाविद्यालयांनीच करायला हवं. पालकांनो, कोणताही कटऑफ ऐकला की आधी विचारा: कोणती फेरी, कोणता प्रवर्ग, कोणतं विद्यापीठ?