बॅटरीची उलटतपासणी

बॅटरी चार्ज होते, उतरते, पुन्हा चार्ज होते आणि व्होल्टेजचा आलेख कसा झकास दिसतो! पण आत नेमकी कोणती अभिक्रिया चालली आहे, याचा त्या आलेखाला पत्ता नसतो. लिथियम-ऑक्सिजन बॅटरीने संशोधकांना नेमके इथेच चकवले.

या बॅटरीचा मोह समजण्यासारखा आहे. लिथियम आणि ऑक्सिजनपासून लिथियम पेरॉक्साइड बनताना कागदावर तरी किलोमागे सुमारे 3500 वॉट-तास ऊर्जा मिळते. आजच्या लिथियम-आयन बॅटऱ्या याच्या आसपासही नाहीत. 1996 मध्ये अमेरिकेत के. एम. अब्राहम आणि झेड. जियांग यांनी पुन्हा चार्ज होणारी अशी बॅटरी मांडली. 2006 मध्ये स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात पीटर ब्रूस यांच्या गटाने प्रॉपिलीन कार्बोनेट हे द्रावक वापरून ती अनेकदा चार्ज-डिस्चार्ज करून दाखवली.

पुढे याच गटाने, 2011 मध्ये, अशा बॅटरीतला साका अवरक्त वर्णपट आणि एनएमआरने तपासला. हाती लागले लिथियम कार्बोनेट, फॉर्मेट, अ‍ॅसिटेट. चार्जिंगच्या वेळी बाहेर पडत होता कार्बन डायऑक्साइड. चूल पेटती ठेवायला घराचेच वासे जाळावेत, तशी बॅटरी स्वतःचे द्रावक खात होती. स्वतःच्याच कामाची इतकी कडक झाडाझडती घेणारे विरळाच.

त्याच वर्षी त्यांनी अभिक्रिया चालू असतानाच पाहिली, तीही रामन वर्णपटाने. रेणूवर पडलेला लेझर विखुरताना त्यातली थोडी ऊर्जा रासायनिक बंधाच्या कंपनात जाते; किती गेली, त्यावरून बंध ओळखता येतो. (सी. व्ही. रामन यांचा 1928 चा कोलकात्यातला शोध तो हाच.) हा संकेत फार क्षीण, म्हणून इलेक्ट्रोड खरबरीत केलेल्या सोन्याचा घेतला, त्यावर तो कैक पटींनी वाढतो. डिस्चार्ज सुरू होताच 1137 प्रति सेंटीमीटरच्या जागी शिखर उगवले: लिथियम सुपरऑक्साइड. थोड्या वेळाने ते ओसरले आणि 808 ला पेरॉक्साइडचे शिखर उभे राहिले. जादा इलेक्ट्रॉन आल्यावर दोन ऑक्सिजन अणूंमधला बंध सैल होतो, म्हणून आकडा घसरतो. चार्जिंग करताना मात्र सुपरऑक्साइड दिसलेच नाही. जाण्याची वाट एक, परतीची वेगळी!

द्रावके बदलली तरी झीज थांबेना. 2017 मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राट्झ इथे श्टेफान फ्रॉइनबर्गर यांच्या गटाने खरा गुन्हेगार पकडला: सिंग्लेट ऑक्सिजन, म्हणजे उत्तेजित अवस्थेतला, भलताच आक्रमक ऑक्सिजन. त्यासाठी सापळा लावला डायमिथाइल-अँथ्रासीनचा. हा पदार्थ चकाकतो, पण सिंग्लेट ऑक्सिजनशी गाठ पडली की त्याची चकाकी जाते. शिवाय 1270 नॅनोमीटरचा अंधुक अवरक्त प्रकाशही सापडला. तो तर या ऑक्सिजनचा स्वतःचाच.

आता इलेक्ट्रोलाइटमध्ये डॅबकोसारखे शामक मिसळून या ऑक्सिजनला थंड करण्याचे प्रयत्न चालू आहेत. डॅबको चार्जिंगच्या चढ्या व्होल्टेजला स्वतःच मोडतो, म्हणून 2019 मध्ये त्याचे अधिक चिवट, धनभारित रूप तयार करण्यात आले.