हिशेबनीस मैफिलीत बसतात तेव्हा

तेराव्या शतकात देवगिरीला यादवांच्या दरबारात शार्ङ्गदेव नावाचा एक अधिकारी होता. घराणं मूळचं काश्मीरचं. आजोबा भास्कर दक्षिणेत आले, वडील सोढल यादवांच्या सेवेत शिरले, आणि सिंघण राजाच्या काळात शार्ङ्गदेवाकडे श्रीकरणाधिपाचं पद आलं. राज्याचा जमाखर्च आणि दप्तर सांभाळण्याचं हे काम. महसुलाच्या आकड्यांत बुडालेल्या या माणसानं 'संगीतरत्नाकर' लिहिला. स्वर, राग, प्रबंध, ताल, वाद्य, नृत्य अशा विषयांवरच्या सात अध्यायांचा हा ग्रंथ आजही हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही परंपरांना आपलाच वाटतो.

ग्रंथ उघडला की पहिला धक्का बसतो तो विषयाच्या पसाऱ्याचा. स्वरांची चर्चा सुरू होण्याआधी शार्ङ्गदेव गर्भ कसा वाढतो, शरीरात काय काय असतं, हे सांगायला घेतो. वैद्यकाचा त्याचा अभ्यास होता. नाद देहातून उठतो, मग देह समजून न घेता नाद कसा समजेल, ही त्याची सरळ भूमिका. आणि मग त्याच्यातला हिशेबनीस जागा होतो.

सात स्वर प्रत्येकी एकदाच घ्यायचे असतील तर ते किती क्रमांनी लावता येतील? ५०४०. इथवर कोणीही गुणाकार करून पोचेल. शार्ङ्गदेव पुढचं विचारतो: सगळे क्रम ठरावीक पद्धतीनं एकाखाली एक लिहिले, तर तीन हजारावा कोणता असेल? उलट, एखादी स्वरावली हातात आली तर तिचा नंबर कितवा? यादी न लिहिता उत्तर काढायचं. त्यासाठी तो 'खंडमेरू' नावाचं छोटंसं कोष्टक देतो. दप्तरखान्यात हजारो कागदांतून नेमका एक काढावा लागतो, त्या शिस्तीचा हा माणूस. संगणकशास्त्राचे विद्यार्थी आज नेमका हाच प्रश्न अभ्यासतात.

तालाच्या अध्यायात तो आणखी पुढे जातो. द्रुत, लघू, गुरू आणि प्लुत हे कालाचे चार तुकडे. द्रुत एक धरला तर लघू दोन, गुरू चार, प्लुत सहा. सहा द्रुतांइतकी जागा हे तुकडे वापरून किती तऱ्हांनी भरता येईल? शेवटचा तुकडा काय असेल तेवढं बघायचं. तो द्रुत असेल तर आधीच्या पाचांची भरणी उरते, तिच्या तऱ्हा दहा. लघू असेल तर चारांची, तऱ्हा सहा. गुरू असेल तर दोनांची, तऱ्हा दोन. प्लुत असेल तर काहीच उरत नाही, तऱ्हा एक. बेरीज १९. अशीच साखळी पुढे चालवायची: १, २, ३, ६, १०, १९, ३३, ६०, १०६. प्रत्येक नवा आकडा मागच्या पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या आकड्याची बेरीज. फक्त लघू आणि गुरू घेतले, एक आणि दोन मात्रांचे, तर १, २, ३, ५, ८, १३ ही माळ येते. छंदशास्त्रात विरहांकानं आणि पुढे हेमचंद्रानं ती मांडली होती. जग तिला फिबोनाचीच्या नावानं ओळखतं. शार्ङ्गदेवाची माळ तिच्याहून गुंतागुंतीची आहे, आणि ती तालाच्या अभ्यासातून आली आहे.

हे एकाकी उगवलेलं नव्हतं. याच सिंघणाच्या दरबारात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव ज्योतिषी होता, आणि आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यानं चाळीसगावजवळच्या पाटण इथे मठ स्थापला. (ज्ञानेश्वरांना भेटलेले चांगदेव वेगळे.) भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तला अंकपाश म्हणजे अंकांच्या मांडण्या मोजणं, संगीतातला प्रस्तार म्हणजे स्वरांच्या आणि तालांच्या मांडण्या; दोन्हींची हवा एकच होती. शाळेत आपण इतिहास, गणित आणि संगीत तीन वेगळ्या तासांना शिकलो, म्हणून यादवांच्या या दरबाराचं एकसंध चित्र आपल्यापुढे कधी उभंच राहिलं नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते.

शतकं ओलांडून आलं की असाच एक मराठी माणूस भेटतो. कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. सप्तकातले बावीस सूक्ष्म स्वर, म्हणजे श्रुती, नेमके काय, हा प्रश्न त्यांनी मोजपट्टी आणि तार घेऊन सोडवायला घेतला. कानाच्या कसोटीला अब्दुल करीम खाँ होते. तारेच्या कोणत्या लांबीवर कोणता स्वर बोलतो हे नोंदवत त्यांनी १९१० मध्ये आपला ग्रंथ छापला. त्यांची मापं सर्वांनी मान्य केली नाहीत. पेशानं वकील असलेले भातखंडे तर मुळीच नाही. १९१६ मध्ये बडोद्याला भरलेल्या संगीत परिषदेत श्रुतींवरून जोरदार वाद झाला. पुढे यंत्रांनी गायकांचे स्वर मोजले गेले, तेव्हा दिसलं की एकाच रागातला एकच स्वर गवई दर वेळी हुबेहूब त्याच जागी लावत नाही. देवलांचं उत्तर टिकलं नाही. पण गाणाऱ्याला समोर बसवून स्वर मोजायचा, हा त्यांचा मार्ग टिकला.

देवल तारा मोजत होते त्याच सुमाराला कलकत्त्यात सरकारी हिशेब खात्यातला आणखी एक तरुण अधिकारी वाद्यांच्या मागे लागला होता. चंद्रशेखर व्यंकट रामन. वडील भौतिकशास्त्र शिकवायचे आणि व्हायोलिन वाजवायचे. १९०७ मध्ये, विशीही ओलांडलेली नसताना, रामन असिस्टंट अकाउंटंट जनरल झाले. कचेरीच्या आधी आणि कचेरी सुटल्यावर ते बहुबाजारातल्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्सच्या प्रयोगशाळेत जाऊन बसत. तिथे त्यांनी व्हायोलिन, एकतारी, वीणा, तंबोरा आणि मृदंग यांना प्रश्न विचारले. १९१७ मध्ये चांगल्या पगाराची नोकरी सोडून कमी पगारावर ते कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक झाले. प्रकाशाच्या विकिरणावरचं, नोबेल मिळवून देणारं काम त्यानंतरचं.

रामन यांना पडलेला चर्मवाद्याचा प्रश्न असा. तार छेडली की मूळ कंपनाबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वेगाची कंपनंही उठतात. पूर्णांकांतलं हे नातं कानाला सुरेल लागतं. पण गोल, ताणलेल्या साध्या कातड्याचं तसं नाही. त्याची कंपनं मुळाच्या १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट अशी येतात. त्यांचं एकमेकांशी जमत नाही. म्हणूनच जगातले बहुतेक ढोल दणका देतात, पण स्वर धरत नाहीत. मग तबला षड्जाला कसा लागतो? मृदंग गाण्याच्या सुरात सूर कसा मिळवतो?

उत्तर पुडीवरच्या, म्हणजे वाद्याच्या कातडी पडद्यावरच्या, काळ्या शाईत आहे. खळ आणि लोखंडाची भुकटी यांचा तो लेप एकदम थापत नाहीत. पातळ थर द्यायचा, दगडानं घोटायचा, सुकू द्यायचा, मग त्यावर आणखी लहान वर्तुळाचा थर. घोटताना शाईला बारीक भेगा पडतात आणि त्या पडाव्याच लागतात, नाहीतर लेप कडक होऊन कातड्याला हलू देणार नाही. या वजनानं काय साधतं हे रामन आणि त्यांचे सहकारी शिवकाली कुमार यांनी १९२० मध्ये 'नेचर'मध्ये मांडलं, आणि १९३५ मध्ये रामन यांनी ते विस्तारानं लिहिलं. पुडीवर बारीक वाळू भुरभुरायची, थाप द्यायची आणि वाळू कुठे गोळा होते ते पाहायचं. जिथे कातडं स्थिर राहतं तिथे वाळूच्या रेघा उमटतात. त्यातून दिसलं की विस्कळीत असलेली नऊ कंपनं शाईमुळे पाच गटांत येऊन बसतात, आणि त्या गटांचं नातं १, २, ३, ४, ५ असं तारेसारखं होतं. बेसूर कातड्याला कोण्या अनाम कारागिरांनी वजन लावून सुरात आणलं होतं, आणि त्यामागचं गणित कागदावर यायला १९२० साल उजाडलं. हे वाचलं की समोर ठेवलेल्या तबल्याकडे पाहायची नजरच बदलते. 'ना' वाजवताना अनामिका पुडीवर हलकेच टेकलेली असते, ती मूळ कंपनाला दाबून वरची मोकळी सोडते. बोल म्हणजे कोणत्या कंपनाला गप्प बसवायचं आणि कोणत्याला बोलू द्यायचं, याची निवड.

तंबोऱ्यानं तर रामन यांना प्रस्थापित नियमापुढेच उभं केलं. तार जिथे छेडली, तिथे ज्या उपस्वरांचा (मूळ कंपनाच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचा) स्थिर बिंदू असेल ते उपस्वर ऐकू येऊ नयेत, असं युरोपातलं शास्त्र सांगत होतं. तंबोऱ्यात ते खणखणीत ऐकू येतात. कारण घोडीचा माथा किंचित गोलसर घासलेला असतो, तार त्याला टेकत-सुटत कंप पावते, आणि जवारीचा दोरा ती स्पर्शाची जागा नेमकी जुळवून देतो. १९२१ मध्ये रामन यांनी हे लिहिलं. मिरजेतले कारागीर तेव्हाही घोडी घासून, कान लावून, पुन्हा घासून जवारी काढत होते.

१९६६ हे वर्ष या साऱ्या गोष्टीत विलक्षण आहे. त्या वर्षी मार्क काट्स या गणितज्ञानं विचारलं: ढोलाचा नुसता आवाज ऐकून त्याचा आकार सांगता येईल का? क्षेत्रफळ सांगता येतं हे हर्मान वाइल यानं १९११ मध्येच दाखवलं होतं. आकाराचं उत्तर मिळायला १९९२ उजाडलं: नाही, दोन वेगळ्या आकारांचे ढोल अगदी एकसारखे वाजू शकतात. तरी आवाजावरून आत काय आहे ते शोधण्याची विद्या थांबली नाही. सूर्याचा पृष्ठभाग साधारण पाच-पाच मिनिटांच्या आंदोलनांनी थरथरतो. ती नोंदवण्यासाठी पृथ्वीभर पसरलेल्या सहा वेधशाळांपैकी एक उदयपूरला आहे. त्या थरथरीवरूनच सूर्याच्या पोटातले थर किती वेगानं फिरतात हे कळलं.

आणि त्याच १९६६ मध्ये विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या प्रिन्स्टनच्या दोन अर्थतज्ज्ञांनी नाटक, संगीत, नृत्य यांच्या ताळेबंदांवर एक जाडजूड पुस्तक काढलं. त्यांचं निरीक्षण साधं आहे, पण एकदा कळलं की सगळीकडे दिसू लागतं. कारखान्यात नवं यंत्र आलं की तेवढेच कामगार जास्त माल काढतात, म्हणून त्यांचा पगार वाढला तरी मालाची किंमत वाढतेच असं नाही. पण बेथोव्हेनची चार वादकांची रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी चार माणसं आणि जेवढा वेळ लागायचा, तेवढाच आजही लागतो. विलंबित ख्यालाचं तेच. झपझप उरकला तर तो विलंबित उरत नाही. वादकालाही पोट आहे. कारखान्यातले पगार वाढले की त्याचंही मानधन वाढवावं लागतं, नाहीतर तो वाद्य ठेवून दुसरं काम धरेल. काम तेवढंच, खर्च मात्र वर्षागणिक वाढता. यात कोणाचा आळस नाही, कोणाची उधळपट्टी नाही. बालगंधर्वांच्या कर्जाच्या गोष्टी मराठी माणसाला तोंडपाठ आहेत, आणि त्यात हौसेचा वाटा होता हे खरंच. पण कितीही काटकसरी नाटकमंडळीला ही चढण चढावीच लागली असती, असं बॉमोल वाचल्यावर मला वाटतं.

बॉमोलनं पुढे हाच विचार शाळांना आणि दवाखान्यांना लावला. रोग्याची नाडी दुप्पट वेगानं पाहता येत नाही, मुलाला अर्ध्या वेळात वाचायला शिकवता येत नाही. संशोधनाचंही असंच. वाळू भुरभुरून पुडी न्याहाळण्याला, गवयासमोर तार मोजत बसण्याला लागतो तेवढा वेळ लागतोच. त्याचा युक्तिवाद निराशेचा मात्र नव्हता. इतर गोष्टी स्वस्त होत जातात म्हणूनच ही कामं महाग दिसतात; एकूण समाज श्रीमंत होत असतो आणि त्याला ती परवडतात, हे त्यानं आग्रहानं मांडलं. परवडतं हे समाजाला पटवणं, तो अवघड भाग.

मिरजेच्या सतारी आणि तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पंढरपूरच्या बाजूचे भोपळे येतात, ते वाळवून कापले जातात, दांडी बसते, तारा चढतात, आणि शेवटी कोणीतरी घोडी घासायला बसतं. मानांकनानं नावाची नक्कल थांबेल. जवारी काढायला लागणारा वेळ त्यानं कमी होणार नाही, आणि होऊही नये. त्या वेळाचे पैसे ग्राहकानं द्यायचे, सरकारनं की संगीत शिकवणाऱ्या संस्थांनी, याचा हिशेब अजून कोणी नीट मांडलेला मला दिसत नाही. तो मांडायला अर्थशास्त्र जाणणारा, तंबोरा ऐकता येणारा आणि रामन यांचा १९२१चा लेख वाचलेला माणूस हवा.