छातीत हृदय नसलेला जिवंत माणूस

१६ फेब्रुवारी १९६८. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात ऑपरेशन टेबलावर एक माणूस होता आणि त्याच्या छातीत हृदय नव्हतं. शिवण घालायला मागच्या भिंतीचा थोडा भाग ठेवतात, तेवढा सोडला तर काहीच नाही. डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निकामी हृदय काढलं होतं, दुसऱ्याचं अजून जोडायचं होतं. त्या मधल्या वेळात ना ठोका, ना नाडी. तरी माणूस जिवंत, कारण हार्ट-लंग मशीन त्याचं रक्त मेंदूपर्यंत पोचवत होतं.

केप टाउनला ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिलं हृदयारोपण केलं ते ३ डिसेंबर १९६७ ला. त्यानंतर अडीच महिन्यांत जगातलं सहावं हृदयारोपण झालं ते गिरणगावात, महापालिकेच्या इस्पितळात! रुग्ण त्यानंतर जेमतेम तीन तास जगला.

हृदयाविना जिवंत माणूस हा एक पेच. दुसरा त्याहून अवघड. ज्याचं हृदय घ्यायचं, तो मेला असं कधी म्हणायचं? मेंदू कायमचा गेला आहे पण यंत्राच्या श्वासावर ठोके चालू आहेत, अशा अवस्थेला मृत्यू मानण्याचे निकष हार्वर्डच्या समितीने मांडले ते ऑगस्ट १९६८ मध्ये, म्हणजे परळच्या शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी. भारतात त्याला कायद्याचा आधार मिळायला १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा यावा लागला. हृदय नसलेला माणूस जिवंत आणि धडधडतं हृदय असलेला माणूस मृत, या दोन्ही गोष्टी एकाच इमारतीत खऱ्या असू शकतात.

मग वॉर्डात धावपळ उडते आणि ‘पेशंट अरेस्टमध्ये गेला’ असं कानावर येतं, तेव्हा नेमकं काय झालेलं असतं? आपण बोलताना हार्ट अटॅक आणि कार्डिअ‍ॅक अरेस्ट यांची सरमिसळ करतो. अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी नळी तुंबते. हृदय धडधडत असतं, माणूस टॅक्सीत बसून, डॉक्टरांशी बोलत इस्पितळात पोचू शकतो. अरेस्टमध्ये रक्त ढकलणंच थांबतं आणि माणूस काही सेकंदांत कोसळतो. अटॅकमधून अरेस्ट ओढवू शकतो, पण दोन्ही एक नव्हेत.

गंमत अशी की अरेस्ट झालेलं हृदय बरेचदा थांबलेलं नसतंच. गिरगावच्या पाडव्याच्या शोभायात्रेत शंभर ढोल आहेत आणि प्रत्येक जण आपापला ठेका धरून बडवतोय, असं समजा. आवाज प्रचंड, ताल शून्य. व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशनमध्ये हृदयाच्या पेशी असंच करतात. हृदय नुसतं थरथरतं, रक्त पुढे जात नाही. आणखी चमत्कारिक प्रकार म्हणजे मॉनिटरवर विजेच्या लाटा नीटनेटक्या उमटताहेत, पण मानेवर बोट ठेवलं तर नाडी लागत नाही. आणि शेवटचा प्रकार असिस्टोल. सिस्टोल म्हणजे हृदयाचं आकुंचन. त्याआधी जोडलेला ग्रीक ‘अ’ आपल्या ‘अभाव’मधल्या ‘अ’चा सख्खा भाऊ. पडद्यावर जवळजवळ सरळ रेष.

सिनेमात नेमका याच रेषेवर शॉक देतात. डॉक्टर मंडळी तेव्हा कपाळाला हात लावतात. शॉक हृदय ‘सुरू’ करत नाही, उलट सगळ्या पेशींना एकाच क्षणी गप्प करतो, म्हणजे नैसर्गिक ताल देणाऱ्या गाठीला पुन्हा आपला ठेका धरायला वाव मिळतो. थरथरणाऱ्या हृदयावर हा उपाय चालतो. सरळ रेषेत गप्प करायला कोणी उरलेलंच नसतं. तिथे अ‍ॅड्रेनालिन, मूळ कारणाचा शोध आणि छातीवर हातांचा दाब: मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान पाच सेंटिमीटर खोल. बंद छातीवरचा हा दाब वैद्यकात रुजला तो १९६० नंतर. त्याआधी छाती उघडून हृदय मुठीत धरून दाबत.

ती ताल देणारी गाठ १९०७ मध्ये कीथ आणि फ्लॅक या दोघांनी दाखवून दिली. फ्लॅकला ती आधी दिसली एका चिचुंद्रीसारख्या, जमीन उकरणाऱ्या मोल नावाच्या प्राण्याच्या हृदयात! तिला मेंदूच्या हुकमाची गरज नसते, म्हणून शरीराबाहेर काढलेलं हृदयही थोडा वेळ धडधडतं. दिवसाला साधारण एक लाख ठोके, आणि तरी सर्जन त्याला हवं तेव्हा थांबवतात. पोटॅशियम जास्त असलेलं थंडगार द्रावण हृदयाच्या रक्तवाहिन्यांत सोडलं की पेशींच्या आतबाहेरचा विद्युत फरक पुसट होतो, त्यांना पुढचा ठोका पेटवताच येत नाही आणि हृदय सैलावून निपचित पडतं. झडप बदलायची, टाके घालायचे, मग त्याच वाहिन्यांतून उबदार रक्त सोडायचं. अनेकदा ते आपणहून चालू लागतं. इथे असिस्टोल मुद्दाम घडवलेला असतो आणि सर्जनला तोच हवा असतो.

बाहेरच्या जगात मात्र ‘अरेस्ट’ हा शब्द भलत्याच जागी जाऊन बसला आहे. स्मशान चंदनवाडीचं असो, भोईवाड्याचं असो की शिवाजी पार्कचं, अंत्यसंस्काराआधी डॉक्टरांचा दाखला लागतो. इस्पितळात झालेल्या मृत्यूसाठी नमुना ४ असतो आणि त्यावर सूचनाच छापलेली आहे: ज्या आजाराने वा इजेने मृत्यू आला तो लिहा, हार्ट फेल्युअरसारखी मरणाची रीत नको. तरीही ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ सर्रास लिहिलं जातं. हृदय आणि श्वास शेवटी प्रत्येकाचेच थांबतात. एवढंच लिहिलेला दाखला पालिकेच्या नोंदीत गेला की तो माणूस लेप्टोस्पायरोसिसने गेला, क्षयाने की मलेरियाने, हे मोजायला तिथे काही उरत नाही.